मानसिक आजारांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न: डिप्रेशन, ओसीडी, बायपोलर ते अंगात येण्यापर्यंत

लोक जसे विचारतात तसेच प्रश्न ठेवलेत, क्रमही वरखाली आहे. हे वाचून स्वतःचं किंवा जावेचं निदान करायला बसू नका, ते काम डॉक्टरांचं. डॉक्टर काय बोलले ते समजावं आणि कधी गेलंच पाहिजे ते कळावं, एवढ्यासाठी हे लिहिलंय.

मन उदास आहे म्हणजे डिप्रेशन आहे का?

लगेच नाही. परीक्षेत गचका बसला, ब्रेकअप झाला, घरात कोणी गेलं की माणूस उदास होणारच, त्याला आजार म्हणत नाहीत. डॉक्टर तीन गोष्टी बघतात: किती दिवस झाले, किती जोरात आहे आणि त्यामुळे रोजचं काय काय बंद पडलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम नावाच्या मॅन्युअलमध्ये नऊ लक्षणं दिलीत, त्यातली निदान पाच सलग २ आठवडे जवळपास रोज हवीत आणि त्यात उदासी किंवा कशातच रस न वाटणं यापैकी एक असलंच पाहिजे. बाकीची म्हणजे झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, मी नालायक आहे असं वाटणं, हालचाल मंदावणं किंवा उगाच अस्वस्थ होणं आणि मरणाचे विचार.

पण आपल्याकडे फार कमी लोक येऊन "मी उदास आहे" असं म्हणतात. डोकं जड होतं, अंग दुखतं, छातीत भरून येतं, गॅस होतो, हातापायात त्राणच नाही असं सांगतात, आणि मग वर्ष दोन वर्षं सोनोग्राफी, एंडोस्कोपी, एमआरआय सगळं नॉर्मल येत राहतं. पुरुषांमध्ये तर बऱ्याचदा उदासी दिसतच नाही, चिडचिड दिसते आणि पिणं वाढलेलं दिसतं, घरचे म्हणतात हा बिघडला. उलट बाजूही लक्षात ठेवा, थायरॉइड कमी असेल किंवा बी-ट्वेल्व्ह कमी असेल (शाकाहारी घरांत हे खूप सापडतं) तरी असंच सुस्त आणि उदास वाटू शकतं, म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं तर पैसे काढायचा धंदा आहे असं लगेच समजू नका.

टेन्शन तर सगळ्यांनाच असतं, मग अँक्झायटी डिसऑर्डर वेगळं काय?

टेन्शनला कारण असतं आणि कारण संपलं की ते उतरतं. जनरलाइज्ड अँक्झायटीमध्ये एक काळजी संपली की दुसरी तयारच असते, मुलगा क्लासवरून दहा मिनिटं उशिरा आला तरी डोक्यात ॲक्सिडेंटपर्यंतचं सगळं होऊन जातं, आणि हे ६ महिने किंवा जास्त, बहुतेक दिवस चालू असतं. सोबत मान आखडणं, झोप न लागणं, पोटात गोळा. "स्वभावच आहे तिचा काळजी करायचा" म्हणून घरात वीस वर्षं चालवून घेतात. स्वभाव असेलही, पण त्रास होतोय ना, मग उपचार घ्यायला काय हरकत आहे.

पॅनिक अटॅक आणि हार्ट अटॅक, ओळखायचं कसं?

घरी बसून ओळखायचं नाही. पहिल्यांदा छातीत दुखलं, घाम फुटला, श्वास लागला तर सरळ दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा, त्यात लाजायचं काही नाही. गडबड पुढे होते. ईसीजी नॉर्मल येतो, कॅज्युअल्टीतले डॉक्टर म्हणतात "तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा", घरचे म्हणतात नाटक करतो, आणि पेशंटला तर मगाशी खरंच आपण मरतोय असं वाटलेलं असतं. काही झालेलं नाही हे अर्धंच खरं आहे. हृदयाला काही झालेलं नाही, पण शरीराची संकटात पळून जायची जी यंत्रणा आहे ती संकट नसताना चालू झाली होती. भीती काही मिनिटांत टोकाला जाते आणि मग हळूहळू ओसरते. एखादा अटॅक येऊन गेला म्हणजे पॅनिक डिसऑर्डर नव्हे, पुन्हा येईल या धास्तीने माणूस लोकलने जाणं सोडतो, लिफ्ट टाळतो, एकटा बाहेर पडत नाही, तेव्हा तो आजार होतो. थेरपीने, म्हणजे बोलण्यातून आणि सरावातून होणाऱ्या उपचाराने, याला चांगला फरक पडतो.

मला स्वच्छता लागते, मला ओसीडी आहे असं सगळे म्हणतात

बहुतेक नसेल. ज्याला कपाट नीट लावून बरं वाटतं त्याला ओसीडी नाही, तो नीटनेटका आहे. ओसीडीत बरं वाटतच नाही. यात दोन भाग असतात. ऑब्सेशन म्हणजे नको असलेला विचार, जो ढकलला तरी परत परत येतो, आणि कम्पल्शन म्हणजे त्या विचाराची भीती कमी करायला केलेली कृती, हात धुणं, कुलूप ओढून बघणं, मोजणं, मनातल्या मनात जप करणं. हे सगळं दिवसाचा तासाभरापेक्षा जास्त वेळ खात असेल किंवा त्यामुळे नोकरी, अभ्यास, घर अडत असेल तर विचार करायचा. आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणायचे आणि असं एखादं माणूस जुन्या मोठ्या घरात हमखास असायचं, पण सोवळ्याच्या नावाखाली खपून जायचं. सोवळं पाळणारी बाई पूजा झाली की मोकळी होते. मंत्रचळ लागलेली बाई तीनदा आंघोळ करून पुन्हा नळाखाली जाते, रडत रडत, कारण मधेच दाराला पदर लागला.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही असा ओसीडीही असतो. देवासमोर बसलं की घाणेरडे विचार येतात, देवाला शिव्या येतात, तान्ह्या बाळाची आई सुरी हातात घ्यायला घाबरते कारण "मी बाळाला काही केलं तर" हा विचार येतो. अशा लोकांना वाटतं आपण राक्षस आहोत. उलट आहे, विचार आपल्या मनाविरुद्ध आहे म्हणूनच एवढा छळतो, आणि ओसीडीतले असे विचार माणसाच्या इच्छा नसतात. डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत सांगा, त्यांनी हे शेकडो वेळा ऐकलेलं असतं.

उपचारात एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन नावाची थेरपी आहे, ईआरपी म्हणतात. ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नंतरची कृती करायची नाही, हे थेरपिस्टसोबत, पायरीपायरीने. गोळ्या डिप्रेशनच्याच वापरतात, पण डोस बहुधा जास्त लागतो आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात, त्यामुळे महिन्यात "काही उपयोग नाही" म्हणून बंद करू नका. आणि घरच्यांसाठी एक: "हो रे लावलंय कुलूप, मी बघितलं" असं दिवसातून वीस वेळा सांगणं हे प्रेमच आहे पण त्याने आजार पोसला जातो.

मूड सारखा बदलतो, म्हणजे बायपोलर?

सकाळी खूश आणि संध्याकाळी चिडलेला, याला बायपोलर म्हणत नाहीत. बायपोलरमध्ये मूड दिवसेंदिवस एकाच टोकाला राहतो. वरच्या टोकाला मेनिया म्हणतात, तो निदान आठवडाभर टिकतो. झोप दोन-तीन तास आणि तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, एकदम चार धंदे सुरू करायचेत, उधारीवर गाडी बुक केली, बॉसला सुनावलं, कोणी अडवलं की अंगावर धावून जातो. हायपोमेनिया त्याचंच सौम्य रूप, निदान ४ दिवसांचं, आणि तो पकडणं अवघड कारण पेशंटला तेव्हा मस्त वाटत असतं आणि घरच्यांनाही वाटतं, चला, डिप्रेशनमधून बाहेर आला एकदाचा.

म्हणून डिप्रेशनसाठी जाल तेव्हा पूर्वी कधी असे "वर" गेलेले दिवस होते का ते आवर्जून सांगा. बायपोलर असलेल्याला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काही जण थेट मेनियात जाऊ शकतात. यावर लिथियम हे जुनं आणि अजूनही भरवशाचं औषध आहे, ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उपयोग दाखवला. त्याची रक्तातली पातळी मात्र ठरावीक काळाने तपासावी लागते, किडनी आणि थायरॉइडही. जुलाब-उलट्या झाल्या, निर्जळी उपवास केला किंवा मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर आपणच आणून घेतली तर ती पातळी धोकादायक वाढू शकते. ही माहिती प्रिस्क्रिप्शनवर सहसा लिहिलेली नसते.

स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं ना?

नाही. सिनेमांनी हा घोळ पक्का केलाय. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी १९०८ मध्ये हे नाव दिलं, त्यांना विचार, भावना आणि वागणं यांच्यातला सांधा सुटतो असं म्हणायचं होतं. एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं हा वेगळाच आणि फार क्वचित दिसणारा प्रकार आहे.

इथे काही शब्द लागतात. सायकोसिस म्हणजे खरं काय आणि मनातलं काय यातली रेघ पुसली जाणं, हे लक्षण आहे, स्वतंत्र एक आजार नाही, ते मेनियात, दारूगांजात, कधी मेंदूच्या आजारातही होतं. भास म्हणजे नसलेलं ऐकू येणं किंवा दिसणं, स्किझोफ्रेनियात बहुधा आवाज ऐकू येतात, दोघं आपसात आपल्याबद्दलच बोलतायत असे. भ्रम म्हणजे पक्का चुकीचा समज, शेजारी जेवणात काही घालतो, टीव्हीवाला मलाच उद्देशून बोलतो, आणि पुरावा दिला तरी तो हलत नाही. म्हणून वाद घालू नका, हो ला हो पण करू नका. "तुला भीती वाटतेय ते दिसतंय मला" एवढं म्हणता येतं.

भासभ्रम घरच्यांना दिसतात, पण आजाराची दुसरी बाजू कोणाला आजार वाटतच नाही. बोलणं कमी, आंघोळ नाही, मित्र सुटले, दिवसभर पडून. याला निगेटिव्ह लक्षणं म्हणतात. घरात त्याला आळशी, फुकट खाणारा म्हणतात आणि हे वर्षानुवर्षं ऐकत राहण्याने जे नुकसान होतं ते गोळीने भरून निघत नाही. आणि हे लोक हिंसक असतात हा समजही काढून टाका, बहुतेक जण नसतात, मार खाणाऱ्यांत मात्र ते जास्त असतात.

अंगात येणं हा मानसिक आजार आहे का?

जत्रेत, आरतीला, गोंधळाला अंगात आलं, थोड्या वेळाने उतरलं, बाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागली, तर डॉक्टर त्याला आजार म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत (जानेवारी २०२२ पासून लागू) ट्रान्सचे (भान हरपून वेगळंच वागण्याचे) प्रकार आहेत, पण समाजात रूढ असलेल्या धार्मिक प्रथेचा भाग असेल तर ते निदान लावायचं नाही असं तिथेच म्हटलंय. इच्छेविरुद्ध, वेळीअवेळी, पुन्हा पुन्हा होत असेल, त्याने हाल होत असतील, तर तो प्रश्न आहे. बऱ्याचदा त्यामागे न बोललेलं काहीतरी असतं, सासरचा जाच, नको असलेलं लग्न. ज्या सुनेचं एरवी कोणी ऐकत नाही तिच्या अंगात देवी आली की सगळं घर हात जोडून बसतं, हे ती मुद्दाम करते असं नव्हे, मनाचा एक भाग तात्पुरता तुटून वेगळा चालतो, त्याला डिसोसिएशन म्हणतात.

देवाला जा, नवस करा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भूत उतरवायला मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला हत्या झाली, त्यानंतर आधी अध्यादेश आणि मग त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. मानसिक रुग्णाला साखळदंड घालायला देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही बंदी आहे.

बाळंतपणानंतर सारखं रडू येतं

पहिले काही दिवस बऱ्याच जणींना येतं, दोन आठवड्यांत जातं. त्यापुढे टिकलं, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं किंवा बाळ झोपलेलं असतानाही झोप येईना तर ते पोस्टपार्टम डिप्रेशन असू शकतं. आणि बाळंतीण एकदम असंबद्ध बोलायला लागली, बाळाबद्दल विचित्र समज करून घेतला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, बाहेरचं काही लागलंय का ते बघत बसू नका. अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधं आहेत.

ट्रॉमा, पीटीएसडी हे शब्द हल्ली सगळीकडे असतात

असतात आणि स्वस्तही झालेत. पीटीएसडी म्हणजे जिवावर बेतलेला प्रसंग, बलात्कार, अपघात, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपासारखी आपत्ती, आणि त्यानंतर महिन्याहून जास्त काळ तो प्रसंग जसाच्या तसा परत अनुभवाला येणं, स्वप्नं, दचकणं, तिथे जाणं टाळणं. मॅथ्सच्या सरांनी पेपर अवघड काढला तो ट्रॉमा नाही.

मोठ्या माणसांना एडीएचडी होतो का?

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अति चंचलपणा आणि उतावीळपणा. तो मोठेपणी नव्याने सुरू होत नाही, लहानपणापासून असलेला मोठेपणी ओळखला जातो. १२ वर्षांच्या आधी लक्षणं होती का ते बघतात. मोबाइलमुळे लक्ष लागत नाही ती वेगळी गोष्ट.

धातू जाते, अशक्तपणा आलाय, हा कुठला आजार?

हा प्रश्न मुलं नाव न सांगता विचारतात. वीर्य गेलं म्हणजे ताकद गेली या भीतीतून थकवा, उदासी, घाबरेपणा येतो, डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये याला धात सिंड्रोम म्हटलं. वीर्य जाण्याने शरीराची झीज होत नाही. मात्र थकवा आणि भीती खरी असते, आणि भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातींवर पैसे घालवण्यापेक्षा ती एकदा साध्या डॉक्टरला सांगा. जळजळ किंवा पू असेल तर ते इन्फेक्शन, वेगळं.

आजी म्हणते सुनेने पाटल्या चोरल्या

वय सत्तरच्या पुढे आणि पूर्वी असा स्वभाव नव्हता तर आधी स्मृतिभ्रंश आहे का ते तपासा. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, मग ती कोणीतरी घेतली असं मेंदू जुळवून टाकतो. सून बिचारी रडते, मुलगा आईवर ओरडतो. आणि हा गोंधळ दोन-तीन दिवसांत एकदम सुरू झाला असेल तर लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं असं काही असू शकतं, त्याला थांबायचं नाही.

सायकॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, जायचं कोणाकडे?

सायकॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीपीएम वगैरे केलेला डॉक्टर, गोळ्या तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टेस्ट आणि थेरपी करतात, त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, नंबर विचारा, विचारण्यात उद्धटपणा नाही. काउन्सेलर हा शब्द मात्र कोणीही पाटीवर लिहू शकतो. तरी डिग्री हीच सगळी गोष्ट नाही. गोव्यात संगत या संस्थेने स्थानिक, मानसोपचाराची डिग्री नसलेल्या लोकांना नीट शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रात डिप्रेशनच्या पेशंटसाठी थेरपी द्यायला लावली आणि चाचणीत त्याचा फायदा दिसला, पण तिथे प्रशिक्षण होतं आणि वर देखरेख होती. वीकेंडचा कोर्स करून रील बनवणाऱ्यांचं तसं नसतं.

भास, भ्रम, मेनिया, मरणाचे विचार असतील तर आधी सायकॅट्रिस्टच.

गोळ्यांची सवय लागते, आयुष्यभर घ्याव्या लागतात?

सगळ्या गोळ्यांना "झोपेच्या गोळ्या" म्हणतात तिथेच घोटाळा आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची सवय खरंच लागते, त्या थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायच्या, आणि आपल्याकडे नेमक्या याच लोक जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं आणत राहतात. डिप्रेशनच्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांची दारूसारखी तलफ येत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, करंट बसल्यासारखं होऊ शकतं म्हणून हळूहळू कमी करतात. त्यांचा फायदा दिसायला २ ते ४ आठवडे, कधी जास्त लागतात आणि मळमळ वगैरे पहिल्याच आठवड्यात येते, त्यामुळे नेमकं त्रास झाला आणि फायदा नाही अशा वेळी लोक सोडून देतात. पहिल्या वेळच्या डिप्रेशनला बरं वाटल्यावर पुढे साधारण सहा महिने ते वर्ष चालू ठेवायला सांगतात. बायपोलर, स्किझोफ्रेनियाला बऱ्याचदा खूप वर्षं.

शॉक अजून देतात?

देतात, पण सिनेमात दाखवतात तसा नाही. ईसीटी (शॉकचं वैद्यकीय नाव) भूल देऊन आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच करता येते, त्याशिवाय करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. खाणंपिणं सोडलेल्या, जीव द्यायला निघालेल्या पेशंटला ती लवकर उपयोगी पडते. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात, हा तोटा खरा आहे, तो आधी विचारून घ्या.

लग्न लावून दिलं की ठीक होईल असं नातेवाईक म्हणतात

होत नाही. लग्नाची दगदग, जागरण, नवं घर, आणि त्यात सासरच्यांना कळू नये म्हणून बंद केलेल्या गोळ्या, याने उलट आजार उसळतो. सांगून लग्न करता येतं आणि लोक करतातही. लपवून केलेली लग्नं फसवणूक म्हणून कोर्टात जातात.

कोणी "जगून काय उपयोग" म्हणत असेल तर?

सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात कल्पना भरते हा गैरसमज आहे, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. मग लेक्चर देऊ नका, आईबापाचा विचार कर वगैरे नको. एकटं सोडू नका, घातक वस्तू आणि घरातली कीटकनाशकं आवाक्याबाहेर न्या, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. प्रयत्न केलेल्या माणसावर केस होईल म्हणून दवाखाना टाळू नका, २०१७ चा कायदा असं गृहीत धरतो की तो तीव्र ताणाखाली होता, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानणारं जुनं कलम ३०९ उरलेलं नाही.

तो डॉक्टरकडे यायलाच तयार नाही, दुधातून गोळी दिली तर चालेल का?

खूप घरांत चालू असतं, देणारी बहुतेक आईच असते आणि तिच्याकडे दुसरा रस्ता नसतो म्हणून मी तिला दोष देत नाही. पण आधीच "जेवणात काहीतरी घालतात" असा भ्रम असलेल्या पोराने एक दिवस कपाच्या तळाशी पावडर बघितली तर पुढे कोणावर विश्वास ठेवायचा त्याने. शिवाय त्याला कंपवाताची लक्षणं आली, लाळ गळायला लागली तर कारण सांगताच येत नाही. भ्रमाबद्दल बोलू नका, त्याला ज्याचा त्रास होतोय तिथून सुरुवात करा, झोप लागत नाही ना, चल झोपेसाठी दाखवू. आधी तुम्ही एकटे जाऊन डॉक्टरांना भेटा. जिवाला धोका असेल तर संमती नसतानाही त्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या, नाहीतर कायद्याने त्या जागी येणाऱ्या नातेवाइकाच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं.

खर्च झेपत नाही

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, मेडिकल कॉलेजांत असते, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था. या आजारांची बरीचशी औषधं जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात. शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही आरोग्य विमा मिळाला पाहिजे असं २०१७ चा कायदा सांगतो, फक्त पॉलिसीत ओपीडी आहे का ते बघा, थेरपी बहुतेक वेळा तिथेच अडकते. आजार दीर्घ असेल आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

जुनी सगळी प्रिस्क्रिप्शनं, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं (काढा आणि आयुर्वेदिक चूर्णसुद्धा), थायरॉइड आणि शुगरचे रिपोर्ट, आणि कधीपासून काय बदललं ते एका कागदावर लिहून. सोबत एक माणूस न्या जो रोज घरात असतो, मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेला काका नको. आणि दारू, गांजा, तंबाखू जे काय असेल ते खरं सांगा. घरच्यांसमोर सांगायचं नसेल तर "मला पाच मिनिटं एकट्याने बोलायचंय" असं डॉक्टरांना म्हणा, ते बाकीच्यांना बाहेर बसवतात.